गोडं पाणी

माझ्या थोरल्या बहिणीच्या नवऱ्याला आमच्या बाजारात सगळे 'पंचनामे' म्हणत. ते आडनाव नव्हे, करणीनं कमावलेलं नाव. काही गिऱ्हाइकांना मात्र ते खरोखरच आडनाव वाटायचं आणि ती 'पंचनामेसाहेब आहेत का?' असा फोन करायची. मी त्यांना भाऊजी म्हणायचे. रागात असले की 'अहो भाऊजी' म्हणायचे, आणि एकत्र धंद्याच्या एकोणीस वर्षांत 'अहो' वगळून त्यांच्या वाट्याला फार थोडे भाऊजी आले. ते गेले त्याला आता तीन वर्षं झाली. त्यांच्याबद्दल चांगलं बोलणारे पुष्कळ आहेत. मला मात्र एका डब्याबद्दल बोलायचं आहे, आणि त्यात चांगलं दिसण्याजोगं माझ्याकडे काही नाही.

आमचं दुकान जुन्या कॉम्प्युटरचं. घरात, शाळेत असतात ते नव्हेत, कारखान्यातले. जाड पत्र्याचे, आत पंखा नाही, पाठीवर उष्णता जायला उभ्या पन्हळी, आणि मागे वायरी जोडायच्या जागा इतक्या की पाहणाऱ्याला गरगरावं. उचलताना कंबर बोलते. कारखाना बंद पडला किंवा नवी यंत्रं आली की हे डबे भंगारात निघतात. भंगारवाल्याकडून आम्ही ते घ्यायचो, झाडूनपुसून, आतली जुनी माहिती पुसून ज्याला हवेत त्याला द्यायचो. बोलणं, फोन, गिऱ्हाइकांशी भांडणं माझ्याकडे. उघडणं आणि दुरुस्ती भाऊजींकडे. ताई दुकानात कधी आलीच नाही. तिचं म्हणणं, तुम्ही दोघं एका छपराखाली पुरेसा आवाज करता, त्यात तिसरी कशाला.

आता पंचनामा म्हणजे काय ते सांगते. डबा आला की कुणीही शहाणा माणूस तो पुसेल आणि विकेल. भाऊजी तसं करत नसत. हा डबा आधी कुठे होता, काय करत होता, हे कळल्याशिवाय ते त्याला पुसू देत नसत. कळलं की एका कार्डावर शाईच्या पेनानं लिहायचे आणि ते डब्याच्या पोटाला चिकटवायचे. कार्डावर मथळा असायचा: 'पूर्वाश्रमीचा उद्योग'. संन्याशाला पूर्वाश्रम विचारू नये म्हणतात. हे डब्यालाही सोडत नसत. विकत घेणाऱ्याला त्या कार्डाचा काडीचा उपयोग नसायचा. बरेच जण दुकानाबाहेर पडताना ते खरवडून काढायचे, हे मी भाऊजींना कधी सांगितलं नाही. तेवढी माणुसकी माझ्यात होती.

त्यांची तपासाची पद्धत मात्र बघण्यासारखी. आधी झाकण उघडून ते वास घ्यायचे. मग आतल्या धुळीत बोट फिरवायचे आणि ती धूळ उजेडाला धरायचे. कापसाची कुसं निघाली तर सूतगिरणी, राखाडी पीठ निघालं तर सिमेंट. एवढ्यावर भागलं नाही तर बोट जिभेला लावायचे. मी ओरडायचे, "अहो भाऊजी, एक दिवस उंदराचं औषध निघेल म्हणजे कळेल!" ते म्हणायचे, "मग तू कार्डावर लिही, उंदराचं औषध." एकदा एका डब्यातून मुंग्यांची रांगच्या रांग बाहेर पडली. भाऊजींनी त्यांना वाट करून दिली आणि लिहिलं: 'खोकल्याच्या औषधाचा कारखाना'. खरं निघालं. आणखी एक डबा आला, त्याचं घड्याळ बरोब्बर सात मिनिटं पुढे होतं. मी म्हटलं, बिघडलंय. भाऊजी दोन दिवस त्याच्यासमोर बसून होते. शेवटी कळलं की तो डबा कारखान्याचा भोंगा वाजवायचा. कुणीतरी भल्या माणसानं सगळ्यांची पाळी सात मिनिटं आधी सुटावी म्हणून घड्याळ पुढे केलं होतं. "आणि पाळी चढताना?" मी विचारलं. भाऊजी हसत म्हणाले, "चढतानाही सात मिनिटं आधी. भल्या माणसानं एवढा विचार केला नसावा."

पण त्यांचा खरा जीव चिठ्ठ्यांवर. कारखान्यातली माणसं वायर जिथे जोडतात तिथे चिकटपट्टीवर पेनानं नावं लिहून ठेवतात, आणि ती नावं कुठल्याही पुस्तकात नसतात. एका डब्यावर एका जोडणीला 'सासू' लिहिलेलं होतं. भाऊजींनी डोकं खाजवलं, वायर लावून पाहिली, तर ती धोक्याची घंटा. रात्रंदिवस कशावरूनही किंचाळणारी म्हणून सासू. ताईला हे सांगितलं तेव्हा ती पदर तोंडाला लावून हसली, आणि मग एकदम गप्प झाली, कारण तिची सासू पलीकडच्या खोलीत जागी होती.

हा नाद त्यांना का होता, हेही सांगायला हवं. भाऊजी आधी कागदाच्या गिरणीत विजेचं काम बघायचे. बावीस वर्षं. गिरणी बंद पडली तेव्हा त्यांच्या हाताखालचा कॉम्प्युटर इतर सामानाबरोबर ट्रकवर गेला. वर्षभरानं तो त्यांना एका गॅरेजमध्ये दिसला. दार वाऱ्यानं लागू नये म्हणून तोच दाराला टेकवून ठेवला होता. त्यांनी गॅरेजवाल्याला विचारलं, हा कसला डबा आहे माहीत आहे का? तो म्हणाला, वजनाला बरा आहे. भाऊजींनी हे मला एकदाच सांगितलं, आणि सांगताना हातातला पेचकस पुसत होते. मला तेव्हा वाईट वाटायला हवं होतं. मी म्हटलं, "मग आता तुम्ही काय, प्रत्येक डब्याची जयंती साजरी करणार का?"

अशी मी. जीभ म्हणजे कात्री. बोलून झाल्यावर कळतं, काय कापलं गेलं.

त्या डब्याची गोष्ट आता सांगते. अंगालाच पडदा असलेला, बोटानं चालवायचा डबा होता तो. भंगारवाल्यानं पंधरा-वीस डब्यांच्या ढिगात आणून टाकला होता, कुठला हे त्यालाही ठाऊक नव्हतं. त्याच सुमाराला आमचं एक जुनं गिऱ्हाईक, अंडेवाले, सकाळपासून फोनवर फोन करत होते. त्यांचं अंडी उबवायचं केंद्र आहे. कपाटाएवढ्या यंत्रांत हजारो अंडी ठेवायची, उष्णता नेमकी ठेवायची, दर तासाला अंडी कलती करायची. हे सगळं चालवणारा त्यांचा कॉम्प्युटर पहाटे बंद पडला होता. माणसं हातानं अंडी कलती करत होती. त्यांना सोळा जोडण्यांचा डबा हवा होता, आणि तसा तो एकच होता. अकरा वाजता ते स्वतः येऊन दारात उभे राहिले. मोठा, आडदांड माणूस, पण चेहरा रडवेला. "पिल्लं आहेत हो आत," म्हणाले. "नुसती अंडी नाहीत. आत हलतायत."

मी आत गेले. भाऊजींनी झाकण उघडलेलं होतं आणि नाकावर चष्मा ओढून ते पाठीमागची चिकटपट्टी वाचत होते.

"पा एक, पा दोन, पा तीन," ते म्हणाले. "असं थेट पा सोळापर्यंत. पा म्हणजे काय असेल गं?"

"पाणी," मी म्हटलं. "दुसरं काय असणार? पाण्याच्या झडपा. आटपा, अंडेवाले आलेत."

"पाणी असतं तर कुठेतरी गंज दिसला असता. क्षार दिसले असते. हा ठणठणीत कोरडा आहे." त्यांनी पडद्याचा खालचा उजवा कोपरा मला दाखवला. तिथे काच घासून घासून दुधी झाली होती, अंगठ्याएवढी. "हे बघ. इथे बटण होतं. दिवसाला शंभर-दोनशे वेळा दाबलंय कुणीतरी. पाण्याच्या कामावर इतक्या वेळा कोण बोट लावतं? आणि सोळा झडपा, पण मोटारची जोडणी एकच."

"असेल बाबा एकच. गरीब असतील."

त्यांनी आतल्या धुळीत बोट फिरवलं आणि जिभेला लावलं. मी कपाळावर हात मारला. ते जरा वेळ डोळे मिटून राहिले आणि म्हणाले, "गोड आहे."

"तुम्हाला हल्ली सगळंच गोड लागतं. डॉक्टरांनी साखर बंद केलीय ना."

"नाही गं, खरंच गोड आहे. साखरेसारखं."

तेव्हा मी म्हटलं, आणि मला माझ्याच हजरजबाबीपणाचं कौतुक वाटलं हे अजून आठवतं, "मग झालं तर! गोडं पाणी असेल. खाऱ्या पाण्याच्या झडपा कोण लावतो?"

दारातून अंडेवालेसुद्धा त्या घाईत हसले. भाऊजीही हसले. हसले, आणि तिथेच हरले. ते एवढंच म्हणाले, "मला आजचा दिवस दे. आत काय लिहिलंय ते वाचतो, कॉपी करून ठेवतो, मग पुसू."

"आजचा दिवस दिला तर उद्या यांच्याकडे पिल्लं उरणार नाहीत. अहो भाऊजी, पुरे झाले पंचनामे! मेलेल्या कारखान्यापेक्षा जिवंत पिल्लं बरी."

माझं बोलणं चुकीचंही नव्हतं, हेच तर वाईट आहे. त्यांनी आतलं वाचलं नाही. पूर्ण पुसायला चार तास लागतात, तेवढा वेळ नव्हता, म्हणून वरवरचं पुसलं आणि अंडेवाल्यांचा प्रोग्राम चढवला. कार्डावर लिहिलं: 'पाणीपुरवठा. सोळा झडपा.' आणि पुढे एक प्रश्नचिन्ह काढलं. गिऱ्हाइकाला शंका नको म्हणून मी ते खोडलं. दुपारी फोन आला की पिल्लं वाचली. मी ताईला तिखटमीठ लावून सगळं सांगितलं, आणि गोड्या पाण्याचा विनोद दोनदा सांगितला.

दोन महिन्यांनी भर दुपारी एक माणूस दुकानात आला. पन्नाशीचा, अंगात कुठल्यातरी वाहनतळावरच्या रखवालदाराचा गणवेश, हातात घडी घातलेला कागद. मी विचारलं, काय हवंय? तो म्हणाला, "मॅडम, एक डबा शोधतोय. भंगारवाल्यानं तुमचं नाव सांगितलं." आणि कागद उघडला. त्यावर त्यानं पेनानं डब्याचं चित्र काढलं होतं. पडद्याच्या खालच्या उजव्या कोपऱ्यात एक गोल करून लिहिलं होतं, 'इथे काच घासलेली'.

भाऊजी आतून उठून आले. त्यांनी चित्र पाहिलं, मग त्या माणसाच्या उजव्या हाताकडे पाहिलं. "मागे चिठ्ठ्या होत्या का?" त्यांनी विचारलं. "पा एक ते पा सोळा?"

"माझ्याच हातच्या आहेत त्या," तो माणूस म्हणाला, आणि त्याचा चेहरा इतका खुलला की मला खाली बघावंसं वाटलं. "पा म्हणजे पाळणा. आकाशपाळणा चालवायचो मी. बागेतला मोठा. सोळा पाळणे होते त्याला."

भाऊजींनी आपल्या बोटाकडे पाहिलं. मग हळूच म्हणाले, "साखर."

"काय?"

"धूळ गोड होती."

"हां, शेजारीच साखरेच्या कापसाचं यंत्र होतं ना! दिवसभर उडायचं. केसांत, मिशीत, सगळीकडे. घरी गेलो की मुलं हात चाटायची माझे."

मी त्याला बसायला खुर्ची दिली. पुढचं त्यानं बसून सांगितलं, कुणावर दोष न ठेवता, जणू हे सगळं पुष्कळदा मनात म्हणून झालं होतं. चार वर्षांपूर्वी चाक फिरत असताना अकराव्या पाळण्याचं दार उघडलं आणि नऊ वर्षांची मुलगी खाली पडली. जगली. पाय मात्र कायमचा अधू झाला. बागवाल्यांनी सांगितलं, चालवणाऱ्यानं कडी लावली नाही. चौकशी झाली, त्याचं काम गेलं, पुढे बागही बंद पडली. त्यानं सांगूनही त्या कॉम्प्युटरकडे कुणी बघितलं नाही. चौकशीवाल्यांना वाटलं, तो दिव्यांचा आहे. पण प्रत्येक दाराची वायर त्यात जात होती. दार लागलं की पडद्यावर हिरवं, उघडं असलं की लाल. लाल असलं तरी चाक सुटायचं, थांबवायचं की नाही ते माणसावर. आणि प्रत्येक फेरीची वेळ, प्रत्येक दाराचा रंग, सगळं आत लिहिलं जायचं.

"म्हणजे तुम्हाला दाखवून द्यायचंय, की चूक तुमची नव्हती," मी म्हटलं.

"नाही हो मॅडम," तो म्हणाला. "मला माहीत करून घ्यायचंय. दिवसाला दोनशे फेऱ्या. प्रत्येक फेरीला सोळा कड्या. त्या फेरीची अकरावी कडी मला आठवते. माझा हात दिसतो तिच्यावर. पण तो त्या फेरीचा हात आहे की आधीच्या फेरीचा, ते कळत नाही. चार वर्षं झाली, रोज बघतो तो हात. मुलगी शाळेच्या रस्त्यावर दिसते कधीकधी. ती मला ओळखत नाही. मी लावली असेल तर लावली, नसेल तर नाही. काय ते एकदा कळू दे. ते फक्त त्या डब्याला माहीत आहे."

दुकानात पंखा फिरत होता. भाऊजींनी चष्मा काढला आणि पुसला.

"आम्ही तो पुसला," ते म्हणाले.

त्या माणसाला आधी कळलंच नाही. तो आमच्या दोघांकडे आळीपाळीनं बघत राहिला. मग भाऊजी म्हणाले, "मी वाचायला हवं होतं. मी नेहमी वाचतो. त्या दिवशी माझी घाई झाली."

माझी, म्हणाले. मी दीड हातावर उभी होते. तोंड उघडून 'घाई माझी होती' एवढे तीन शब्द म्हणायचे होते. दिवसभर तोंडाचा पट्टा चालवणारी मी, मला ते तीन शब्द जमले नाहीत. मला त्या माणसाची भीती वाटत होती असं नाही. त्यानं फक्त माझ्याकडे बघू नये, एवढंच मला वाटत होतं.

त्याच दुपारी भाऊजी त्याला घेऊन अंडेवाल्यांकडे गेले, आणि मीही गेले. अंडेवाल्यांनी काही न विचारता दहा मिनिटं यंत्र थांबवलं. भाऊजींनी आतलं साठवणीचं कार्ड काढून त्याची जशीच्या तशी प्रत घेतली. तेवढ्या वेळात तो पाळणेवाला पडद्यासमोर उभा राहिला आणि त्यानं अंगठा त्या घासलेल्या जागेवर ठेवला. चपखल बसला. अंडेवाल्यांना वाटलं, हा काहीतरी दाबतोय, ते घाबरून म्हणाले, "अहो, हात नका लावू, अंडी आहेत आत." त्यानं शहाण्या मुलासारखा हात मागे घेतला.

पुढचे अकरा दिवस भाऊजींनी दुसरं काम केलं नाही. मीही एका शब्दानं टोकलं नाही, आणि त्यांना बहुधा त्याचंच जास्त दडपण आलं असावं. पुसणं वरवरचं झालं होतं, त्यामुळे खाली जुनं बरंचसं शिल्लक होतं. आमच्या घाईतली तेवढी एक गोष्ट पाळणेवाल्याच्या बाजूनं गेली. पण त्यावर दोन महिने अंडेवाल्यांची माहिती लिहिली गेली होती. भाऊजी तुकडा तुकडा वेचत होते, वहीत तारखा मांडत होते. एकेचाळीस दिवस सापडले. शेवटचा सापडलेला दिवस अपघाताच्या आदल्या दिवसाचा. अपघाताच्या दिवसाच्या जागेवर अंड्यांची उष्णता बसली होती. सदतीस पूर्णांक सात, सदतीस पूर्णांक सात, पानंच्या पानं. भाऊजींनी मला ते दाखवलं आणि म्हणाले, "थेट त्याच्यावरच." त्यांचा आवाज मी तसा आधी कधी ऐकला नव्हता.

त्या संध्याकाळी मी त्यांना म्हटलं, "भाऊजी, त्याला सांगा, सापडलं. सांगा, हिरवं होतं. कुणाचं काय जातंय?" रागात नव्हते मी. अक्षरशः हात जोडले होते.

"आणि तो म्हणाला, दाखवा, तर?"

"दाखवायला काहीतरी बनवा. तुम्हाला येतं सगळं."

त्यांनी वही मिटली. मग म्हणाले, "त्याला खोटं हवं असतं ना, तर ते त्याला कुणीही दिलं असतं. बायकोनं दिलं असेल, पोरांनी दिलं असेल. तेवढ्यासाठी तो चार वर्षं डबा शोधत नाही फिरला."

पाळणेवाला आला तेव्हा भाऊजींनी त्याच्यासमोर एकेचाळीस दिवसांचा कागद ठेवला. नेहमीच्या सुबक अक्षरात. आधी सरळ सांगितलं की तो दिवस मिळाला नाही, आता मिळणारही नाही. त्यानं मान हलवली. मग भाऊजी समजावू लागले, बोट ठेवून, जसं एखाद्या मुलाला निकालपत्र समजावून सांगावं. एकेचाळीस दिवस. आठ हजारांवर फेऱ्या. प्रत्येक फेरीत चाक सुटायच्या आधी सोळा दारं हिरवी. "इतकं नेमकं काम मी माझ्या आयुष्यात बघितलेलं नाही," ते म्हणाले, आणि हे ते कुणालाही उगीच म्हणाले नसते. पाळणेवाल्याच्या खांद्यांतला ताण उतरताना मला दिसला. मला वाटलं, सुटलो बाई सगळे.

"फक्त एक फेरी वेगळी. ही बघा," भाऊजी म्हणाले. शेवटची ओळ त्यांनी मुद्दाम लाल शाईनं लिहिली होती. त्यांना तिचा अभिमान वाटत होता, हे मी शपथेवर सांगते. "या एका फेरीला सातवं दार राहिलं होतं. चाक सुटलं होतं. पण तुम्ही चार सेकंदांत थांबवलंत, जाऊन कडी लावलीत, मग पुन्हा सोडलंत. चार सेकंद! किती लक्ष असेल तुमचं."

पाळणेवाल्यानं ती ओळ वाचली. पुन्हा वाचली. बोट तिच्यावर ठेवलं, तोच अंगठा.

"हे मला आठवत नाही," तो म्हणाला.

"आठ हजार फेऱ्यांतली एक," भाऊजी म्हणाले. "कशी आठवणार?"

"म्हणजे कडी राहायची तर माझ्याकडून."

भाऊजींचं बोट कागदावर होतं, तिथेच थांबलं. ते म्हणाले, "अहो, एकदाच. आणि तुम्ही लगेच..."

"हो, लगेच," तो म्हणाला. "त्या दिवशी दिसलं. दुसऱ्या वेळी नसेल दिसलं." त्याचा आवाज चढला नाही, पडलाही नाही. "बरं झालं. मला वाटत होतं, माझ्याकडून कधीच राहत नसे. त्यावर तर सगळं धरून बसलो होतो." त्यानं कागदाची काळजीपूर्वक घडी घातली, गणवेशाच्या खिशात ठेवली, आणि उठून आम्हा दोघांना नमस्कार केला. "फार कष्ट घेतलेत साहेब माझ्यासाठी," म्हणाला. खरंच म्हणाला. त्याची पाळी सुरू व्हायची होती म्हणून तो भराभर पायऱ्या उतरून गेला.

भाऊजी कितीतरी वेळ दाराकडे तोंड करून बसले. बाहेर माणसं येत-जात होती. मी उगीचच एका डब्यावरची धूळ झटकत होते.

"ती ओळ नको होती का गं लिहायला?" त्यांनी विचारलं.

इतक्या वर्षांत त्यांनी काय लिहावं आणि काय नाही, हे मी त्यांना रोज न विचारता सांगत आले होते. त्यांनी मला विचारलं ते ही पहिलीच वेळ. तेव्हा मला म्हणायचं होतं की भाऊजी, ओळ बरोबर होती, चूक दोन महिन्यांपूर्वीची आहे आणि ती माझी आहे, तुम्ही एक दिवस मागितला होता आणि मी तो दिला नाही. हे सगळं शब्दाशब्दानं माझ्या तोंडाशी आलं होतं. ते वाट बघत होते.

"चहा टाकते," मी म्हटलं, आणि आत गेले.